निमआराम

विमानात बसल्यावर आत्यानं ना पट्टा शोधला, ना खिडकीबाहेर पाहिलं. डाव्या हाताची वीत ताणून तिनं आपल्या सीटच्या पाठीपासून समोरच्या सीटच्या पाठीपर्यंत मोजायला सुरुवात केली. एक वीत, दोन वीत. तिसऱ्या वितीला करंगळी समोरच्या प्लास्टिकला टेकली.

"दीड हात," ती म्हणाली. "वर दोन बोटं असतील नसतील."

आत्या एस. टी.च्या ठाणे विभागात हिशेब शाखेत होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण कुठल्याही वाहनात ती अजून प्रवाशासारखी बसत नाही, तपासणीला आल्यासारखी बसते. रिक्षात मीटरच्या आधी टायर बघते. आम्ही निघालो होतो बंगळुरूला, तिच्या नातीच्या बारशाला. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागली, तेव्हापासून तिला तिथून जायचंच होतं. ठाण्यात नौपाड्यातून सहारच्या जुन्या विमानतळावर जायचं म्हणजे आधी पूर्व द्रुतगती मार्गाची मर्जी सांभाळायची. उलव्याच्या या नव्या विमानतळाला जाताना निदान बेलापूर रस्त्यावर ओळखीची माणसं राहतात, एवढं तिचं कारण. तिकडची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठवली, तेव्हा कुठे धावपट्टीला जागा झाली. एवढी जागा करून शेवटी माणसाच्या वाट्याला आली दीड हात, हा हिशेब काही मला पटेना.

मी एव्हाना डाव्या-उजव्या हातांनी सीटचं बटण शोधत होते. पाठ मागे करायचं बटण. ते नव्हतं. पाठ कारखान्यातच किंचित मागे झुकवून कायमची पक्की केलेली होती. समोर मासिकं ठेवायचा मोठा खिसाही नव्हता. वर छोटीशी जाळी, त्यात सूचनांचं एक कार्ड. माझा चष्मा, फोन, पाण्याची बाटली आणि पर्स हे चौघं मांडीवर आले आणि त्यांच्यात जागेवरून भांडण सुरू झालं.

"हे बघ," मी म्हटलं. "सगळं काढून घेतलंय."

"कशासाठी ते सांग," आत्या म्हणाली. तक्रार ऐकायची तिची ही जुनी पद्धत आहे. आधी कारण, मग रडणं.

कारणं मला माहीत होती, कारण आदल्या रात्री चिडून मी तासभर तेच वाचत बसले होते. मागे होणाऱ्या सीटमध्ये यंत्रणा असते, तिचं वजन असतं, ती बिघडते, मग माणूस पाठवून दुरुस्त करावी लागते. पक्की सीट हलकी आणि निरोगी. खिसा असला की लोक त्यात केळ्याची सालं, चघळलेला च्युइंगम आणि वापरलेले टिश्यू ठेवतात. ते काढायला वेळ लागतो. स्वस्तातली विमान कंपनी विमान उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडवायला बघते. विमान हवेत असतं तेव्हाच कमावतं.

"मग बरोबरच आहे. गाडी आगारात उभी म्हणजे तोटा," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा उजळला होता.

मी चुकून तिला पुढचंही सांगितलं. एअरबस ए-३२० या विमानात पूर्वी दाटीवाटीनं बसवल्या तर १८० सीटा बसायच्या. मग मागचं स्वयंपाकघर आणि संडास यांची फिरवाफिरव करून, दोन्ही आक्रसून, त्याच विमानात १८६ बसवायला लागले. ५० सीटांमागे एक कर्मचारी लागतो, म्हणजे १८० लाही चार आणि १८६ लाही चारच.

आत्या गप्प झाली. तिचे ओठ हलत होते. आकडेमोड चालली की तिचे ओठ हलतात, हे मी लहानपणापासून पाहत आलेय.

"सहा सीटा," ती शेवटी म्हणाली. "वैमानिक तेच, इंजिन तेच, उतरायचं भाडं जवळपास तेच. अगं, भारमान नुसतं सत्तर टक्के लागलं तरी फेरीमागे चार तिकिटं वरकड. ज्यानं हे शोधून काढलं ना, तो माणूस आमच्याकडे हवा होता."

भारमान हा एस. टी.तला शब्द. गाडीत सीटा किती आणि त्यांतल्या भरल्या किती, त्याचं प्रमाण. आमच्या घरात हा शब्द कशालाही लागायचा. दिवाळीत पाहुणे आले की आजोबा 'आज भारमान चांगलं आहे' म्हणत आणि आजी आणखी वाटीभर डाळ भिजत घाले.

खरं सांगायचं तर या बचतीच्या गोष्टी मलाही मनातून आवडतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी १९८०च्या दशकात प्रवाशांच्या सॅलडमधलं एक ऑलिव्ह कमी केलं आणि त्यातून कंपनीचे वर्षाला ४० हजार डॉलर वाचले, ही गोष्ट या धंद्यात पुराणकथेसारखी सांगतात. एकच फळ, बोरापेक्षाही लहान. कोणाच्या लक्षातही आलं नाही. युनायटेड एअरलाइन्सनं २०१८ मध्ये विमानातलं मासिक जरा पातळ कागदावर छापलं. अंकामागे एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम वजन कमी. वर्षाला १ लाख ७० हजार गॅलन इंधन वाचलं. हे ऐकताना आत्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी तिच्या नातीच्या जन्माची बातमी आली तेव्हाच पाहिलं होतं.

तिला समाधान वाटणारच. तिनं जन्मभर पाठकोऱ्या कागदांवर आकडेमोड केली. आलेलं पाकीट उलटं करून, पुन्हा चिकटवून पुढे पाठवलं. तिच्या टेबलावरचा कार्बन पेपर इतका वापरलेला असायचा की तो उजेडाकडे धरला तर पलीकडचे साहेब दिसत, असं ती सांगते. घरी आजही दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडत नाही, कापलेला तुकडा पिशवीला लटकताच ठेवते. दूध ओतून झालं की पिशवीत चमचाभर पाणी घालून खळबळून तेही पातेल्यात. आपल्या भाषेत या वागण्याला काटकसर, टुकीचा संसार, हात राखून खर्च, कंजूषपणा, चिक्कूपणा, कद्रूपणा असे चढत्या भाजणीनं शब्द आहेत, आणि कुठली पायरी कुठे संपते यावर आमच्या घरात दोन पिढ्या वाद चालू आहे.

माझा वाद ऑलिव्हशी नव्हताच. पाठ मागे होत नाही त्याच्याशीही, नीट विचार केला तर, फारसा नव्हता. समोर एक चांगला धिप्पाड गृहस्थ बसला होता. त्याच्या सीटला बटण असतं तर तो उड्डाण झाल्याझाल्या माझ्या मांडीवर येऊन निजला असता. बटण नव्हतं म्हणून तोही ताठ, मीही ताठ. शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे सगळे १८६ जण (किंवा जे कोण होतो ते) ओळीनं ताठ. मला हे मान्य करायला विमान पुण्याच्या पुढे जावं लागलं, पण केलं.

माझं दुखणं तिकीट काढतानाचं होतं. भाडं बघून मी हरखले होते. मग सीट निवडा म्हणाले. खिडकीचे वेगळे, कडेच्या सीटचे वेगळे, आणि मधलीचेसुद्धा वेगळे, म्हणजे दोन अनोळखी कोपरांच्या मध्ये बसायचे पैसे. पाय लांब करायचे असतील तर पुढची रांग, तिचा भाव आणखी चढा. लवकर आत शिरायचं? पैसे. सामान आधी यावं असं वाटतं? पैसे. खायला काही? हो म्हटलं की पैसे, नाही म्हटलं की 'तुम्हाला नक्की भूक लागणार नाही ना?' असं विचारणारं पान. मी निघाले होते साध्या गाडीचं तिकीट काढायला आणि बाहेर पडले ती निमआरामचे पैसे भरून.

"निमआरामचे?" आत्या हसली.

निमआराम हा शब्द नव्या पिढीला माहीत असेल की नाही कोण जाणे. एस. टी.त साधी गाडी असते तशी निमआराम असते. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर आली म्हणून लोक तिला एशियाडच म्हणायचे; हिरवी-पांढरी, दादर-पुणे धावायची. सीटा जरा गुबगुबीत, थांबे कमी, भाडं साध्या गाडीपेक्षा जास्त. तो शब्द ज्या कुणी काढला त्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आराम मिळेल असं तो म्हणत नाही. अर्धा मिळेल म्हणतो. उरलेला अर्धा घरी जाऊन घ्या.

"पण आमच्या निमआरामवर पाटी असायची," आत्या म्हणाली. "निमआराम, एवढं भाडं. बसायचं तर बस, नाहीतर मागून साधी येतेय. साध्या गाडीत चढवून वाटेत गुडघ्यागणिक पैसे मागितले नाहीत कधी."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मी आदल्या रात्रीचा तास उगाच चिडण्यात घालवला असं वाटलं. मला जे सांगायचं होतं ते हेच होतं.

मग पोहे आले. म्हणजे कागदी पेल्यात कोरडे पोहे आले, त्यावर गरम पाणी ओतलं आणि पाच-सात मिनिटं झाकून ठेवा म्हणाले. मी ते आधीच पैसे भरून मागवले होते. त्या पैशांत गोखले रोडवर चौघांचा नाश्ता झाला असता. भारतात स्वस्त विमानाची सुरुवात २००३ मध्ये एअर डेक्कननं केली, कॅप्टन गोपीनाथ यांनी, तेव्हापासून फुकटचं खाणं गेलं ते गेलंच. अन्न गरम करायच्या भट्ट्या नाहीत, ट्रॉल्या कमी, कचरा कमी, वजन कमी. आत्यानं माझ्या पेल्यात डोकावून पाहिलं, काही बोलली नाही, आणि पिशवीतून थालीपीठ काढलं. शेजारच्या कडेच्या सीटवरचा मुलगा लॅपटॉपवरून मान वर करून थालीपिठाकडे बघत राहिला. तिनं त्याला अर्धं दिलं. मला पोहे संपवायला सांगितले. पैसे भरलेत ना.

मध्ये ती मागच्या बाजूला जाऊन आली. येऊन बसली आणि म्हणाली, "आत वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं."

"वापरायचे पैसे नाहीत, हे नशीब," मी म्हटलं. थट्टा नव्हती ती. रायनएअर या युरोपातल्या कंपनीचे मायकल ओलिअरी यांनी २००९ मध्ये खरंच तसं बोलून दाखवलं होतं, संडासाच्या दाराला नाणं टाकायची सोय करू म्हणून. पुढच्या वर्षी ते उभ्यानं प्रवास करवायचं म्हणत होते. एका इटालियन कंपनीनं तर २०१० मध्ये घोड्याच्या खोगिरासारखी सीट बनवून दाखवली, अर्धं बसायचं आणि अर्धं उभं राहायचं, दोन सीटांमध्ये अंतर २३ इंच. तशी विमानं काही उडाली नाहीत. पण जगभर केवढा गहजब झाला होता!

ठाणेकरांनी गहजब करायचं कारण नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी आमच्याच गावी आली, १४ डबे आणि ४०० निमंत्रित. ते सगळे ऐटीत बसून आले. पुढे ती गाडी चालवणाऱ्याच जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं १८७४ च्या सुमारास चौथा वर्ग काढला आणि त्यात बाकडीच ठेवली नाहीत. उभे राहा, नाहीतर फरशीवर बसा. बाकडी यायला दहाएक वर्षं गेली. ओलिअरींच्या डोक्यात जे २०१० मध्ये आलं ते आमच्या पणजोबांच्या पायांना आधीच कळलेलं होतं.

बारसं छान झालं. त्याबद्दल लिहीत नाही, आत्याला आवडणार नाही.

परतताना विमान संध्याकाळी उतरलं. मी टॅक्सीनं थेट ठाण्याला जाऊ म्हटलं, तर आत्यानं भाडं ऐकून मान हलवली. सामान सात-सात किलोच होतं. टॅक्सी नेरूळपर्यंत केली आणि तिथून ठाणे लोकल धरली, बायकांचा डबा. आम्ही दोघी आणि खिडकीशी एक नर्सबाई, असं तिघींचं बाकडं भरलं. जुईनगरपासून गर्दी वाढली. तुर्भ्याला एक मुलगी चढली, खांद्याला जड सॅक, केस घामानं चिकटलेले. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि रोज म्हणून म्हणून झिजलेल्या आवाजात म्हणाली, "जरा सरकता?"

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. नर्सबाई खिडकीला चिकटली, मी नर्सबाईला, आत्या मला. प्रत्येकीनं तीन-चार बोटं सोडली असतील. मुलगी चौथ्या सीटवर टेकली. एक मांडी बाकावर, दुसरी पॅसेजमध्ये, सॅक पोटाशी. विमानातल्या सीटची रुंदी इथे आम्हाला राजवाडा वाटली असती. तरीही मी दोन दिवसांत पहिल्यांदाच कशाबद्दल कुरकुरत नव्हते.

"कुठे उतरणार?" समोरच्या उभ्या बाईनं नर्सबाईला विचारलं.

"ऐरोली."

"मग तुमची माझी हं."

सौदा झाला. आत्या हे सगळं बघत होती. तिनं वीत काढली, त्या मुलीच्या वाट्याला आलेलं बाकडं लांबूनच मापलं, आणि तिचे ओठ हलायला लागले.

"तीन सीटा, चार प्रवासी," ती म्हणाली. "भारमान १३३ टक्के. आमच्या विभागाला हे कधी जमलं नाही गं."

"हळू बोल," मी म्हटलं. "विमानवाले ऐकतील."