कितीचं टाकू?

पंपावरच्या पोराने नेहमीच्या सवयीने विचारलं, "काका, कितीचं टाकू?"

वडील म्हणाले, "कितीचं नाही, किती ते विचार. दोन लिटर."

पोरगं घुटमळलं. मी मागे उभा राहून दुसरीकडे पाहू लागलो, कारण माझ्या गाडीत मी नेहमी एकशे दहाचं टाकतो. शंभर सांगितलं की काटा मारतात, एकशे दहा सांगितलं की मारता येत नाही, असं मला कुणीतरी कॉलेजात सांगितलं होतं. यात काही तथ्य नाही. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागता येतं, हेही मला ठाऊक आहे. आजवर एकदाही मागितलेलं नाही. एकशे दहा म्हणणं सोपं.

दूध आपण लिटरने घेतो, साखर किलोने. भाव चढला की डबा अर्धा दिसतो आणि घरात बोलणं होतं. पेट्रोल तेवढं रुपयांत मागतो. ते टाकीच्या अंधारात जातं, पाकिटातून मात्र तेवढीच नोट जाते. 'भाव कितीही वाढू दे, मी शंभरचंच टाकतो' हा विनोद आता शिळा झाला, पण त्यातला माणूस मीच आहे. महागाई मला भावाच्या पाटीवर कधी दिसत नाही. ती गाडी रिझर्व्हला दोन दिवस आधी लागते तेव्हा कळते.

वडिलांना हे पटत नाही. त्यांची वही आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, भाव असे चार रकाने. स्कूटरच्या काळापासूनची सवय. तेव्हा पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावं लागायचं आणि शेवटचे थेंब काढायला गाडी तिरकी करावी लागायची. आता मोटारसायकल आहे, पण 'ॲव्हरेज' काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

आम्ही परभणीचे. जगात जर्मनी, भारतात परभणी. या म्हणीला साजेसा एक मान आम्हाला पेट्रोलनेही दिला: राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल, बरेच दिवस, आमच्याकडे. मुंबईने २९ मे २०२१ला शंभरी ओलांडली तेव्हा टीव्हीवाले केवढे हळहळले. आमची त्याआधीच झाली होती. कारण अगदी साधं आहे. आमचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने यायचं, तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या टँकरचं भाडं आमच्या लिटरवर. म्हणजे पेट्रोल आणायला जे डिझेल जळतं, त्याचेही पैसे आपणच भरायचे. वडील हे पाहुण्यांना थोड्या अभिमानानेच सांगतात.

पण भाड्याहून कितीतरी मोठा भाग कराचा. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेल्या रुपयांत, राज्याचा व्हॅट टक्क्यांत, त्यावर सेस. टक्क्यांतली गंमत अशी की मूळ भाव चढला की कर आपोआप चढतो, कुणाला काही जाहीर करावं लागत नाही. जीएसटीत पेट्रोल घेतलेलं नाही, आणि का घेतलेलं नाही हे अर्थखात्यातल्या कुणालाही विचारायची गरज नाही.

वहीतलं एक पान मला फार आवडतं. २०२०चा एप्रिल. लॉकडाउन, गाडी अंगणात, लिटरचा रकाना कोरा. पण समासात लिहिलंय: 'अमेरिकेत तेल उणे ३७ डॉलर!' वीस तारखेला ते खरंच झालं होतं. साठवायला जागा उरली नव्हती, तेल घेऊन जाणाऱ्यालाच पैसे देण्याची वेळ आली. खाली दुसऱ्या शाईत: 'आपल्याकडे?' आपल्याकडे मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे दहा रुपयांनी वाढवला.

रोज सकाळी सहाला भाव बदलायची पद्धत १६ जून २०१७पासूनची. कागदावर बाजार मोकळा. तरी २०२१च्या दिवाळीत करकपात झाली आणि भाव जे गोठले ते १३७ दिवस हललेच नाहीत. मध्ये उत्तर प्रदेश, पंजाबच्या निवडणुका होऊन गेल्या. मग २२ मार्च २०२२ला ८० पैसे. पुन्हा ८० पैसे. पुन्हा. सोळा दिवसांत दहा रुपये, मुंबईत १२०.५१. त्या पंधरवड्यात वडिलांनी रकान्यांना रजा देऊन रोजचा भाव लिहिला आणि मंडईत पायी जायला लागले. आठ दिवस. नंतर गुडघा दुखला.

तसं आपलं सगळ्यांचंच होतं. उतारावर गाडी बंद करणं, दोन कामं एका फेरीत करणं, टायरमध्ये हवा भरून घेणं, शेजाऱ्याला 'सोडतो की' म्हणून त्याच्याच गाडीवर मागे बसणं. पंधरा दिवस काटकसर चालते. मग नवा भाव जुना होतो, कारण ऑफिस तिथेच असतं आणि एस.टी. तेव्हाच सुटत नसते.

माझा मेव्हणा सावंतवाडीचा. २०१२मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, तिथे लिटरमागे अकराएक रुपये उतरले, आणि हा दर रविवारी हद्दीवरचं पत्रादेवी ओलांडून टाकी भरायला जाऊ लागला. वडिलांनी हिशेब मांडला: पाच लिटरमागे पंचावन्न रुपये वाचले, त्यातलं जाण्यायेण्यात किती जळलं? मेव्हणा नुसता हसला. वाचलेल्या पैशांचं सीमेपलीकडे काय व्हायचं, ते सासऱ्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

परवा वडिलांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांची गाडी मी पंपावर नेली. बजावलं होतं, म्हणून लिटरने मागितलं. काहीतरी पैशांवरचा विचित्र आकडा आला. मोबाइलने स्कॅन करून तो तेवढाच्या तेवढा भरला आणि घरी आलो.

वडील काळा चष्मा लावून वही उघडून बसले होते. "किती?"

"दोन."

त्यांनी अंदाजाने दोनचा आकडा काढला, पेन पुढच्या रकान्यावर नेलं आणि थांबले.

"भाव?"

मला आठवेना.