तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सास खरंच तेवढी भंगार होती का?

फौजेत इन्सास रायफलीच्या जागी नवी एके-203 आल्यापासून पुन्हा सुरू झालंय. एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरांकडून एकच प्रश्न: "काका, इन्सास खरंच तेवढी भंगार होती का?" विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, त्याला ते फक्त फौजीच्या तोंडून ऐकायचं असतं. कैक वर्षं मी तसंच ऐकवलं. "होय, भंगार." आज नीट सांगतो.

1985 ला बेळगावला रंगरूट म्हणून हातात पडली ती एसएलआर, इन्सासच्या आधीची रायफल. एका वेळी एकच गोळी, मॅगझिन वीस गोळ्यांची, आणि खांद्याला असा दणका की पहिला आठवडा उजव्या कुशीवर झोपता आलं नाही. आमचे उस्ताद मात्र त्याहून जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीचे भक्त. "तिच्यात बिघडायला होतंच काय?" म्हणायचे. मला ते म्हातारे वाटायचे. पुढे मी एसएलआरबद्दल अगदी त्याच सुरात बोलू लागलो.

त्या एसएलआरचं खरं रूप जाफन्याहून परतलेल्यांनी सांगितलं. 1987 ला श्रीलंकेत समोरच्या तमिळ वाघांकडे, म्हणजे एलटीटीईकडे, एके-47 होत्या. "गल्लीत तो बोट दाबून धरतो आणि आपण एकेक मोजतो," हे मी एका नाईकाकडून ऐकलं, तेव्हा त्याचा हात पट्टीत होता. म्हणून इन्सास कुणाच्या लहरीतून आली असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पुण्याच्या पाषाणला एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेत ती घडली. त्यामागे हिशेब होता. एसएलआरची एक गोळी साधारण 24 ग्रॅमची, इन्सासची 5.56 मिलिमीटरची 12. चढावर शंभर गोळ्या अंगावर घेऊन चालला असाल, तर तो सव्वा किलोचा फरक तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही.

मॅगझिन थंडीत तडकायच्या, कारगिलच्या वेळीच ही ओरड झाली होती. ते मी नाकारत नाही. पण मी जे "भंगार, भंगार" म्हणत आलो ते मॅगझिनमुळे नव्हतं.

2001 चा डिसेंबर. काश्मीरमधली उंचावरची चौकी, सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, माझं. संध्याकाळी हत्यारांची सफाई चालली होती, नळी पुसायची दोरी म्हणजे फुलथ्रू आणि चिंद्या सगळीकडे पसरलेल्या. सेक्शनमधल्या बावीस वर्षांच्या एका पोरानं त्याच्या इन्सासचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा भाग, लख्ख पुसून कोरडा ठेवला होता. मी त्यावरून बोट फिरवलं, बोट कोरडं आलं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मी बेळगावच्या पावसात शिकलेला. तिथे एका रात्रीत गंज धरतो. तो म्हणाला, "सर, थंडीत कोरडं ठेवायचं सांगितलंय." मी कुपी उघडली, स्वतःच्या हातानं तेल सोडलं आणि म्हणालो, "हे असं."

पहाटे नाल्यापलीकडे दोघं दिसले. पोरानं गोळी चालवली. एक. पुढची निघालीच नाही. रोक पडली होती, म्हणजे रायफल अडकली होती. फौरी इलाज, म्हणजे अडकलेलं हत्यार लगेच सोडवायची कृती, त्यानं बरोबर केला, मी चार हातांवरून बघत होतो. त्यानं कॉकिंग हँडल मागे ओढून सोडलं आणि बोल्ट पुढे गेला तो गारठलेल्या काकवीसारखा, अर्ध्यातच थांबला. त्यानं पुन्हा ओढलं. तेवढ्यात त्याच्या उजव्या कोपरात गोळी बसली.

त्याला खाली पाठवल्यावर मी त्याची रायफल उघडली. आत थिजलेल्या तुपासारखा थर होता. मी तो बाहीनं पुसून काढला. बाहीनं. चिंदी समोरच पडली होती.

नंतर विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, हत्यार जॅम झालं. ते खोटं नव्हतं. तेल कुणी लावलं हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोराचा कोपर कधीच पूर्ण वाकला नाही, तो पेन्शनवर घरी गेला.

मग दोष माझाच, रायफलीचा नाही? असं लिहिलं की माझ्यातला हवालदार उठतो. जी रायफल पहाटे तीन वाजता, बधिर बोटांनी, माझ्यासारख्या हट्टी माणसाच्या हाताखालच्या पोरानं चालवायची आहे, तिला तेवढी चूक पोटात घालता यायला नको? एकेचे भाग आत सैल बसतात, घाण-माती गिळूनही ती चालते. कदाचित ती चालली असती. पण त्याच थंडीत, त्याच तेलात एसएलआर चालली असती का, हे मी कधी करून बघितलेलं नाही, आणि तरी तिची शपथ वीस वर्षं खाल्ली.

2019 ला फौजेनं 72,400 अमेरिकन सिग-716 रायफली मागवल्या, पुन्हा एसएलआरच्याच मापाची गोळी. मग 2021 च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशातल्या कोरव्यात बनायच्या सहा लाखांहून जास्त एके-203 चा करार. पहिली बातमी वाचून म्हणालो, बघा, एसएलआरच बरी असं आम्ही म्हणत होतो. दुसरी वाचल्यावर, ती एसएलआर आणि इन्सासच्या मधल्या मापाची गोळी बघून, तसं म्हणता आलं नाही.

भाचा फौजेत आहे. मागच्या दिवाळीला सुट्टीवर आला तेव्हा मोबाईलवर नव्या रायफलीचा फोटो दाखवत होता, घडी होणारा बट, वर दुर्बीण लावायची पट्टी. मी विचारलं, वर थंडीत तेल कुठलं देतात? तो म्हणाला, मामा, तुम्ही दरवेळी हेच विचारता.