काश्मीर बघायचं तर चिनार लाल होतात तेव्हा

आपल्याकडचे बरेच लोक काश्मीरला जातात ते मे महिन्यात, मुलांना सुट्टी असते म्हणून, नाहीतर एप्रिलमध्ये ट्यूलिप बघायला. माझं ऐकाल तर एकदा पानगळीत जा, चिनारची मोठाली झाडं लाल होतात तेव्हा. तिकडे या दिवसांना हरुद म्हणतात आणि मला विचाराल तर काश्मीर सगळ्यात सुंदर दिसतं ते तेव्हाच.

फक्त तारखा नीट बघा. पानांचा रंग उंचावरच्या भागातून खाली उतरत येतो. लडाखमधले सफेदे, म्हणजे पॉप्लरची झाडं, सप्टेंबरच्या शेवटी पिवळे व्हायला लागतात, मग पहलगामकडचे अक्रोड-सफेदे, आणि श्रीनगरचे चिनार सगळ्यात शेवटी, साधारण २५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी यात बसली तर उत्तमच, पण ती लवकर आली तर चिनार हिरवेच असतात, म्हणून सुट्टी बघून नाही, झाडं बघून बुकिंग करा. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडक थंडी असली की लाल रंग जास्त चढतो, आणि एक जोरदार पाऊस-वारा झाला की निम्मी पानं खाली.

मुक्काम श्रीनगरातच ठेवा. गुलमर्गला बहुतेक देवदार-फरची झाडं, ती बारा महिने हिरवी, रंगासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. सकाळी नसीम बागेत जा, काश्मीर युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे, मुघलांच्या काळापासूनची चिनारांची बाग. खाली पडलेलं एखादं पान उचलून बघा, तळहातापेक्षा मोठं, कडा लालभडक झालेल्या आणि शिरांजवळ अजून पिवळं राहिलेलं. बायका ही पानं झाडून ढीग करतात, पेटवतात आणि वरून पाणी शिंपडतात, त्याचा जो कोळसा होतो तो हिवाळ्यात कांगडीत, म्हणजे ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीत, जातो, त्या धुराचा वास सगळीकडे असतो.

निशात बाग मात्र दुपारी तीननंतरच, कारण ती दल लेकच्या पूर्वेला आहे, मागे झबरवानचे डोंगर, त्यामुळे उतरतं ऊन समोरून लेकवरून येतं आणि पानं आतून पेटल्यासारखी दिसतात. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, उशीर करू नका.

आणि याच दिवसांत पांपोरला केशर फुलतं, श्रीनगरहून गाडीने अर्धा-पाऊण तास. फुलं सकाळीच खुडतात, म्हणून तिथे लवकर पोचा. थर्मल्स न्याच, रात्री पारा दोन-चार डिग्रीवर येतो.