कोणती टेस्ट लावू? : तुम्ही विचारलंत म्हणून

"डेटा गोळा झालाय, आता कोणती टेस्ट लावू?" भूगोलात संशोधन करणारी मुलं मला हा प्रश्न सतत विचारतात. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलेली असते, एक्सेलची शीट भरून तयार असते आणि मसुद्याच्या समासात गाईडनी लिहिलेलं असतं, 'सांख्यिकीय विश्लेषण कुठे आहे?' एखादी टेस्ट लावली की प्रकरणाला वजन येईल, अशी सगळ्यांची समजूत.

तर आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे का ते बघायचंय, तर टी-टेस्ट. गट दोनाहून जास्त असतील तर अनोव्हा. कप्प्याकप्प्यांत मोजलेल्या संख्या असतील, म्हणजे अमुक मातीत अमुक पीक घेणारी शेतं किती, तर काय-स्क्वेअर. तिथे टक्केवारी घालू नका, मूळ संख्याच घाला, आणि अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर कप्प्यात जितकी संख्या आली असती ती) ५ च्या खाली गेलेले कप्पे फार नसावेत. दोन मोजलेल्या राशी सरळ रेषेत एकमेकींसोबत हलतात का, हे पिअर्सनचा सहसंबंध गुणांक सांगतो. तो उणे एक ते अधिक एक यांमध्ये असतो; शून्य म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही. आकडे एका बाजूला फार कललेले असतील किंवा फक्त क्रम माहीत असेल तर स्पिअरमन. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा असेल तर रिग्रेशन. झालं. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतं.

तुमचा विषय भूगोल नसता तर मी इथेच थांबलो असतो. पण भूगोलाच्या विद्यार्थ्याला मी उलट विचारतो: तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय? एक माणूस, एक घर, एक गाव, एक जिल्हा, की उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल? पुष्कळांना हा प्रश्न फालतू वाटतो. सगळा घोळ तिथेच असतो.

१९३४ साली गेल्के आणि बील या दोघांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड परिसराचे जनगणनेचे २५२ छोटे विभाग घेतले आणि बालगुन्हेगारी व घरभाडं यांचा सहसंबंध काढला. तो आला उणे ०.५०. मग शेजारशेजारचे विभाग जोडत जोडत २५ मोठे विभाग केले, तर तोच आकडा उणे ०.७६ झाला. यूल आणि केंडल यांनी १९५० मध्ये दाखवलेलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. इंग्लंडच्या ४८ काउंट्यांमधलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) गव्हाचं आणि बटाट्याचं एकरी उत्पन्न. ४८ काउंट्या सुट्या घेतल्या तर सहसंबंध ०.२२. जोड्या लावून २४ केल्या तर ०.३०, १२ केल्या तर ०.५८, सहा केल्या तर ०.७६, आणि तीनच ढीग उरले तेव्हा ०.९९. मुलूख तोच, पिकं तीच, हंगामही तोच. बदलली फक्त एका ओळीची व्याप्ती. बेरजा-सरासऱ्या काढताना स्थानिक चढउतार एकमेकांत जिरून जातात आणि मोठे कल तेवढे वर राहतात. म्हणून "०.९ च्या वर आलाय" असं कुणी आनंदानं कळवलं की मी अभिनंदन करायच्या आधी विचारतो, घटक, म्हणजे तक्त्यातल्या ओळी, किती होते?

त्याच १९५० सालातला रॉबिन्सन यांचा लेख मी प्रत्येकाला वाचायला लावतो. त्यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतून परदेशात जन्मलेले लोक आणि निरक्षरता यांचा संबंध पाहिला. राज्य हा घटक धरला तर सहसंबंध उणे ०.५३, म्हणजे परदेशी जन्माचे लोक जास्त तिथे निरक्षरता कमी. माणूस हा घटक धरला तर अधिक ०.१२. चिन्हच उलटलं! बाहेरून आलेल्यांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती, पण ते जाऊन वसले मुळातच साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत. यातली कोणतीही गणितं चुकलेली नाहीत. चुकतं ते जिल्ह्याच्या आकड्यावरून माणसाबद्दल विधान करणं. 'ज्या जिल्ह्यांत शिक्षण जास्त तिथे स्थलांतर जास्त' हे वाक्य चालेल. त्यातून 'शिकलेली माणसं जास्त स्थलांतर करतात' असं लिहिलंत की संपलं, आणि परीक्षक नेमकं तेच वाक्य पकडतो.

यावर कुणी म्हणेल, मग सीमा नीट आखल्या की झालं. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये तीही आशा ठेवली नाही. आयोवा राज्याच्या ९९ काउंट्यांत वृद्धांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मतं यांचा सहसंबंध ०.३५ च्या आसपास होता. या काउंट्या वेगवेगळ्या रीतीनं एकत्र करून त्यांनी असंख्य सहसंबंध काढले, आणि ते जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत पसरले. सीमा आखणाऱ्यानं मनात आणलं तर हवं ते उत्तर मिळतं. यावर रामबाण उपाय नाही. जमत असेल तर तेच विश्लेषण दोन-तीन पातळ्यांवर करा आणि सगळे आकडे छापा. एकच पातळी उपलब्ध असेल तर निष्कर्षात तिचं नाव घ्या.

आता टेस्टच्या पायाकडे येऊ. जवळजवळ प्रत्येक टेस्ट धरून चालते की तुमच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. भूगोलात त्या तशा नसतात. भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोबलर यांनी १९७० मध्ये लिहिलं की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा दूरच्यांपेक्षा जास्त. शंका त्याहून कितीतरी जुनी आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी शेकडो समाजांच्या विवाहपद्धतींची सांगड घालणारा निबंध मांडला, तेव्हाच फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारलं होतं, की यातल्या किती पद्धती स्वतंत्रपणे उपजल्या आणि किती एकमेकांकडून उचलल्या? १८८९ मध्ये छापलेल्या त्या चर्चेला आजही कुणी पुरतं उत्तर दिलेलं नाही.

याचा हिशेबावर परिणाम बघा. १०० नोंदी असतील तर ५ टक्के पातळीवर (म्हणजे संबंध मुळात नसताना निव्वळ योगायोगानं इतका मोठा आकडा येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) सुमारे ०.२० चा सहसंबंधसुद्धा 'सार्थक' ठरतो. २० नोंदी असतील तर ०.४४ लागतो. समजा तुमच्या १०० गावांपैकी शेजारची गावं एकमेकांसारखीच आहेत, आणि त्या सगळ्यांत मिळून माहिती २० गावांइतकीच आहे. मग ०.३० चा सहसंबंध सॉफ्टवेअर दोन तारे (म्हणजे 'फारच सार्थक') लावून मिरवेल, खरं तर तो उंबरठासुद्धा ओलांडत नाही. पिक्सेलवाल्यांची अडचण तर याहून मोठी. हजार नोंदींना सुमारे ०.०६ पुरतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी चढउतार समजावणारा संबंधही 'सार्थक'. लाखो पिक्सेल घेतल्यावर सार्थक न ठरणारं काही उरतच नाही. तिथे पी-व्हॅल्यू, म्हणजे तीच योगायोगाची शक्यता, छापण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

उलट टोकाचा प्रश्नही येतो: सगळेच जिल्हे घेतलेत, नमुना काढलेलाच नाही, तर टेस्ट कशासाठी? यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत: गुणांक द्या, विखुरचित्र (दोन राशींच्या जोड्या ठिपक्यांनी दाखवणारा आलेख) द्या, पी सोडून द्या. गाईड ऐकत नसतील तर तळटीप टाका.

रिग्रेशनमध्ये मला आर-वर्गापेक्षा (रेषेनं चढउताराचा किती वाटा समजावला तो आकडा) अवशेषांची ओढ आहे. रेषेनं सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांतला फरक प्रत्येक ठिकाणी किती राहिला, तो नकाशावर रंगवा. एडविन थॉमस यांनी १९६० मध्येच हे पद्धतशीर मांडलं होतं, तरी आजही दहा पानांच्या तक्त्यांत हा एक नकाशा नसतो. समजा तुम्ही उंचीवरून तापमानाचा अंदाज बांधलात. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअसची घट येईल, आर-वर्गही देखणा येईल. अवशेषांचा नकाशा काढलात की दिसेल, दऱ्यांच्या तळाची ठिकाणं हिवाळ्यात रेषेपेक्षा थंड निघतात, कारण रात्री जड थंड हवा उतारावरून खाली येऊन साचते. पावसाचं उंचीशी रिग्रेशन करा. वाऱ्याकडच्या उताराचे सगळे अवशेष धन, पलीकडच्या उताराचे सगळे ऋण. रेषेत वाऱ्याची दिशा नव्हती, हे नकाशानं सांगितलं. तुमच्या प्रबंधातलं भूगोलाचं प्रकरण खरं तर इथून सुरू होतं.

अवशेषांचे असे पुंजके डोळ्यांना दिसत असतील तर मोरानचा आय काढा, म्हणजे शेजारची ठिकाणं एकमेकांसारखी किती हे मोजणारा आकडा. पुंजके नसतील तर तो शून्याच्या किंचित खाली, उणे १ भागिले (घटकांची संख्या उणे १) याच्या आसपास अपेक्षित असतो. तो बराच वर आला, तर आधी रेषेत धरायचं राहून गेलेलं कारण शोधा. सापडलं नाही तरच अवकाशीय रिग्रेशनकडे, म्हणजे शेजाऱ्यांचा प्रभाव हिशेबात धरणाऱ्या रिग्रेशनकडे, जा. हल्ली पुष्कळजण थेट १९९६ मध्ये आलेल्या भौगोलिक भारित रिग्रेशनवर उडी मारतात, कारण प्रत्येक ठिकाणचा वेगळा गुणांक मिळतो आणि नकाशे सुंदर दिसतात. किती अंतरापर्यंतचे शेजारी धरले यावर ते नकाशे बदलतात, ते अंतर मात्र कुणी लिहीत नाही.

कार्यकारणाबद्दल, म्हणजे एकामुळे दुसरं घडतं का याबद्दल, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतीलच. रॉबर्ट मॅथ्यूज यांनी २००० साली १७ युरोपीय देशांतल्या करकोच्यांच्या जोड्या आणि बाळांचे जन्म यांचा सहसंबंध काढला: ०.६२, आणि पी ०.००८. देश मोठा, तर करकोचेही जास्त आणि बाळंही. क्षेत्रफळानं भागलं की सुटलो, असं वाटेल. पण दोन्ही राशींना एकाच संख्येनं भागलं की त्या भागाकारातूनच खोटा सहसंबंध उपजू शकतो, हे कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच बजावलं होतं.

आणि काहीच निघालं नाही तर? आधी विखुरचित्र बघा, संबंध वक्र असेल तर पिअर्सनला तो दिसत नाही. मग नकाशा दोन भागांत तोडून बघा. उत्तरेत चढता आणि दक्षिणेत उतरता संबंध असेल तर एकत्र केल्यावर शून्य येतो. तरीही काही नसेल तर 'संबंध आढळला नाही' असं लिहा, आणि शेजारी घटकांची संख्या व पातळी द्या, म्हणजे पुढच्या कुणाला तेच दुसऱ्या पातळीवर तपासता येईल.