भरती नसलेल्या पाण्याचे शहर

आयव्हरी कोस्टहून कोकोचे दाणे घेऊन निघालेले आमचे जहाज काल नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या आयमाउडेनच्या लॉकमधून, म्हणजे समुद्र आणि कालवा यांमधल्या दोन्ही टोकांना दारे असलेल्या हौदातून, आत आले. २०२२ साली सुरू झालेले हे लॉक जगातले सर्वांत मोठे आहे. ५०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद अशा त्या हौदात आमचे जहाज एकदम लहान वाटू लागले. मागचे सरकते दार बंद झाले आणि उत्तर समुद्राची भरती-ओहोटी दाराबाहेरच राहिली. तिथून १८७६ साली खुल्या झालेल्या कालव्याने वीस-एक किलोमीटर आत येऊन आम्ही ॲम्स्टरडॅमच्या धक्क्याला लागलो.

आज सकाळपासून पावसाची रिपरिप आहे. कोकोच्या दाण्यांना पाणी लागून चालत नाही, म्हणून हॅच, म्हणजे मालाच्या कोठारांची झाकणे, बंद करून माल उतरवणे थांबवले आणि मला ध्यानीमनी नसताना शहरात जायला सहा तास मिळाले. बस आणि ट्रेनने मध्यवर्ती स्थानक गाठले. स्थानकाच्या मागेच ‘आय’ नावाच्या जलाशयाचे रुंद पाणी आहे आणि पलीकडे नेणाऱ्या फेरीला तिकीट लागत नाही, म्हणून उगाचच एकदा पलीकडे जाऊन परत आलो. रोज पाण्यावर असणाऱ्या माणसाला सुट्टीतही पाणीच का हवेसे वाटते, कोण जाणे.

मग हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त असे एकामागून एक कालवे पायी पालथे घातले. पावसाची तमा न बाळगता सायकलींचे थवे पुलांवरून जात होते, जुन्या मालवाहू नौकांच्या केलेल्या घरांच्या खिडक्यांत कुंड्या मांडलेल्या होत्या, आणि एक पूल वर उचलला गेला तेव्हा दोन्ही बाजूंना थांबलेले लोक खालून जाणाऱ्या नौकेकडे इतक्या शांतपणे पाहत होते की मलाच बरे वाटले. घरांच्या माथ्यावर अजून माल वर ओढायचे हुक लावलेल्या तुळया आहेत. जिने अरुंद असल्यामुळे पूर्वी माल आणि आजही घरसामान दोराने खिडकीतून वर घेतात. आमच्या डेकवरच्या कामाशी नाते सांगणारी ती व्यवस्था पाहून मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो.

मात्र माझी नजर पुनःपुन्हा काठाच्या दगडांकडे जात होती. ज्या बंदरात भरती येते तिथे भिंतीवर शेवाळाचा आणि शिंपल्यांचा पट्टा असतो, आणि पाणी कुठवर चढते हे तो पाहून कळते. इथे तसा पट्टा नाही. पाणी समुद्राच्या प्रमाण पातळीपेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर खाली, जवळजवळ एकाच उंचीवर राखले जाते, आणि ते तसे राखणे भाग आहे, कारण हे जुने शहर दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभे आहे. डाम चौकातल्या एकट्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत. लाकूड पाण्याखाली बुडालेले असेपर्यंत शतकानुशतके टिकते. पाणी उतरून त्याला हवा लागली की ते कुजू लागते. इतक्या माणसांची वर्दळ पेलण्यासाठी पाण्याने जागचे हलायचे नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

नगर सभागृहाच्या इमारतीत काचेचे तीन उंच नळ आहेत. दोन नळांतले पाणी आयमाउडेन आणि व्लिसिंगन इथल्या समुद्राच्या त्या क्षणीच्या पातळीनुसार वर-खाली होते. तिसरा १९५३ च्या महापुराची ४.५५ मीटरची उंची दाखवतो. त्या नळाखाली उभे राहिलो तेव्हा पाणी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होते. त्या रात्री नेदरलँड्समध्ये १,८०० हून अधिक माणसे दगावली. भरतीचे तक्ते मी रोज हाताळतो, जहाजाच्या तळाखाली किती पाणी राहील याचा हिशेब करतो. पण भरती माणसाच्या घरात शिरते म्हणजे काय, हे इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी परतलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि माल उपसणारे क्रेनचे पंजे, म्हणजे ग्रॅब, पुन्हा चालू झाले होते. धक्क्याचे पाणी हलत नसले तरी माल उतरेल तसे जहाज मात्र वर येते, म्हणून दोर सैल करायला खलाशांना उठावेच लागते. पहाटे चारचा वॉच माझा आहे. निघायच्या दिवशीची आयमाउडेनची भरतीची वेळ आत्ताच काढून चार्टशेजारी लिहून ठेवली.