परत तिथेच?

दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. सकाळी साडेसहाला गाडीत डबा, पाण्याच्या बाटल्या, चटई, आईंची घडीची खुर्ची असं सगळं ठेवून झालं आणि धाकटा दारातच उभा राहून म्हणाला, "परत तिथेच?"

तो आता आठ वर्षांचा आहे. त्याचं म्हणणं असं की वर्गातली मुलं सुट्टीत काहीतरी नवीन बघून येतात, कोणी गोव्याला जातं, कोणी विमानात बसून येतं, आणि आपण मात्र धरणावर, नाहीतर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नाहीतर मामाकडे. मी त्याला त्यावेळी "चल रे, उशीर होतोय" म्हणून गाडीत बसवलं, पण तो प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

आमचं असं आहे की नवऱ्याची शिफ्ट, महिन्यातले दोन किंवा तीनच रविवार मोकळे मिळतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यांमुळे फार चढउतार करू शकत नाहीत आणि त्यांचा एकच नियम आहे, जिथे जायचं तिथे जा पण रात्री पाठ आपल्याच घरी टेकली पाहिजे. त्यामुळे नाशिकपासून तास-दीड तासाच्या आत जे येतं ते आमचं. अशी नऊ-दहा वर्षं झाली. मोठी लेक दोन वर्षांची असताना सुरू झालेलं हे, आता ती सातवीत आहे.

पावसाळ्यापासूनच सांगते कारण आमचं वर्ष खरं तर तिथूनच सुरू होतं. जूनमध्ये गंगापूर धरण बघितलंत तर वाईट वाटतं, पाणी इतकं आत गेलेलं असतं की भेगा पडलेल्या चिखलावरून गुरं चालत जातात. आम्ही बॅकवॉटरच्या बाजूला गंगावऱ्ह्याकडे जातो, तिथे एक मोठा काळा दगड आहे, तो आमचा दगड, त्यावर बसून थालीपीठ, ठेचा आणि दही खायचं. जूनच्या शेवटी त्या दगडापासून पाणी लांब असतं. जुलैत त्र्यंबकच्या बाजूला पाऊस जोरात लागला की दर वेळी पाणी जवळ आलेलं दिसतं आणि मग एका रविवारी दगडच नसतो. मातीचं धरण आहे हे, साठच्या दशकात बांधून झालेलं, बहुतेक शहर त्याचं पाणी पितं, पण आपण नळ उघडतो तेव्हा हे कुठं डोळ्यासमोर येतं. मुलांना ते पाणी चढताना बघायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

पहिन्याला पूर्वी जायचो. धबधबे अजून तेवढेच सुंदर आहेत पण आता रविवारी गाड्यांची रांगच संपत नाही आणि लोक कड्यावर उभे राहून सेल्फी काढतात ते बघून जीव घाबरतो, म्हणून तीन वर्षांपासून बंद केलं. रस्त्यावर भाजलेलं कणीस आणि उकडलेल्या शेंगा मिळतात तेवढ्याची आठवण येते. त्याऐवजी पावसाळ्यात बाजारात पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, तिथे आईंना घेऊन जाणं हीसुद्धा एक सहलच असते. करटुली, कुर्डू, शेवळं. शेवळं कशी शिजवायची, त्यात आंबट नाही घातलं तर घशाला खाज येते, हे आई त्या बायकांशी अर्धा अर्धा तास बोलत बसतात आणि मुलं शेजारी उभी राहून ऐकतात.

आणि मग पूर. नाशिककर हा माणूस पावसाळ्यात एकच प्रश्न विचारतो, दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलंय? बाहेरच्यांसाठी सांगते, रामकुंडाजवळ पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, आणि धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातमीत कितीही सांगितलं तरी आम्हाला कळतं ते मारुतीवरूनच. पायापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर बघवत नव्हतं. आई जुन्या नाशकातल्या, त्या गोदावरी असं म्हणतच नाहीत, कायम गंगा. ६९ सालच्या पुराचं त्या सांगतात, तेव्हा त्या शाळेत होत्या, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की महापूर, असं त्यांचे वडील सांगायचे. पूर ओसरायला लागला की आम्ही होळकर पुलाच्या बाजूला लांबून बघायला जातो, पोलिसांनी जिथे अडवलं तिथेच थांबतो, पुढे जायचं नाही हे मुलांना पाठ आहे. आई हात जोडतात, कोणाशी काही बोलत नाहीत. खाली छोट्या छोट्या देवळांचे फक्त कळस दिसत असतात आणि पाण्याचा रंग चहासारखा.

मला यातली सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. मे महिन्यात तिथेच, यशवंतराव महाराज पटांगणावर, वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळी ऊन उतरलं की खुर्च्या मांडतात, आई पुढच्या रांगेत बसतात, वक्ता कोणीही असो पूर्ण ऐकतात, आणि आम्ही मागे मुलांना भेळ खायला घालत बसतो, नदीवरून जरासा गार वारा येतो. त्याच जागेवर ऑगस्टमध्ये पुरुषभर पाणी असतं. मोठी लहान असताना एकदा पुलावरून बोट दाखवून म्हणाली होती, "आजीची खुर्ची तिकडे होती." बरोबर जागा दाखवली होती तिने. ते वाक्य मी विसरलेले नाही.

दिवाळीनंतर नांदूरमधमेश्वर. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे हा बंधारा आहे, इंग्रजांच्या काळातला, आणि वर्षानुवर्षं गाळ साठून साठून पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना नेमकं तेच पाहिजे असतं. म्हणजे धरण म्हणून जे बिघडलं ते पाणथळ म्हणून घडलं. २०२० मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रातली पहिली जागा. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, गाइड दुर्बीण लावून देतात. पहाटे पोचलं पाहिजे, साडेनऊनंतर गेलात तर उन्हात डोळे बारीक करून लांबचे ठिपके बघत बसाल.

पहिल्या वर्षी आम्हाला बगळा सोडून काही ओळखता येत नव्हतं. आता धाकटा सांगतो, तो चमचा, तो थापट्या, ती जांभळी पाणकोंबडी. चक्रवाक जोडीने फिरतात ते आईंनी आधी फक्त पोथीत ऐकलं होतं, दुर्बिणीतून बघितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, हाच का तो, नक्की हाच का. पण त्यांचा लाडका पक्षी वारकरी. काळा कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा, शेकड्याने पाण्यावर असतात. गाइडदादांनी नाव सांगितलं आणि आईंनी तिथल्या तिथे "अगंबाई, ही तर दिंडीच" असं म्हटलं तेव्हापासून आमच्या घरात नांदूरला जाणं म्हणजे दिंडी बघायला जाणं.

परत येताना माझं माहेर लागतं. दादाची द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला ते सगळ्या महाराष्ट्राच्या बातम्यांत येतं आणि आपण शहरातले लोक स्वेटर घालून गुलाबी थंडी, गुलाबी थंडी म्हणत फिरतो. मीही तेच म्हटलं होतं एकदा. दादा काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "ताई, पहाटे चार वाजता उठशील का?" उठले. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवलेल्या, धूर खाली खाली पसरत होता, वहिनी आणि तो घडांमधून बॅटरी घेऊन फिरत होते. पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते, मणी तडकतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीपासून चार महिने जे औषध, मजुरी, रात्रपाळीची वीज असं सगळं घातलेलं असतं ते एका रात्रीत जाऊ शकतं. ते संपलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची भीती. मी त्या दिवसापासून मुलांना घेऊन तिथे फक्त द्राक्षं खायला जात नाही. मुलं घड उचलायला, क्रेटमध्ये कागद घालायला मदत करतात, खरं सांगायचं तर त्यांची मदत कमी आणि दादाचं काम जास्त होतं, पण तो नाही म्हणत नाही. दुपारी वहिनी कुळथाचे शेंगोळे करते, चुलीवर, वरून लसणाची फोडणी. थंडीत शेंगोळे आणि शेजारी कच्चा कांदा, याहून जास्त मला जेवणातलं काही मागायचं नसतं.

रंगपंचमी नवऱ्याची. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीच मोठी आणि जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी आहेत, म्हणजे जमिनीत बांधलेले दगडी हौद. वर्षभर त्यावरून रहदारी चालू असते, कोणाला कळणारही नाही की खाली काय आहे. सणाच्या आधी उघडतात, साफ करतात, पूजा होते, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग त्यात धप्पा, म्हणजे धपकन उडी. याचे लहानपणीचे मित्र सगळे तिथे भेटतात, वर्षातून एकदा. गेल्या वर्षी त्याने पहिल्यांदा मोठीला घेऊन उडी मारली, बाहेर आल्यावर दोघं एकाच रंगाची, मला क्षणभर दोघांचे चेहरे सारखेच दिसले. मग रहाड परत बंद, वर परत रस्ता.

उन्हाळ्यात लांब जात नाही. गच्ची हीच सहल. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजतो त्या सकाळी सोसायटीतली सगळी पोरं आमच्या गच्चीवर असतात, गरम चीक, वर दूध साखर, वाट्या चाटूनपुसून. संध्याकाळी रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. एका वर्षी मेच्या शेवटी काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो, पण गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च इतके होते की वाईट वाटलं. काजवे तो प्रकाश जोडीदाराला बोलावण्यासाठी पाडतात, आपण त्यात आपला उजेड घालायचा म्हणजे त्यांच्या बोलण्यात बोलणं झालं. परत गेलो नाही.

तर "परत तिथेच?" या प्रश्नावर मी हे सगळं मनात घोळवत होते आणि उत्तर मात्र मोठीने दिलं. तिला भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी जिल्ह्याचा नकाशा काढायचा होता. त्यावर तिने आम्ही जातो त्या जागा पेन्सिलने टिंब देऊन मांडल्या, सहज, आणि मग निळं पेन घेऊन गोदावरी काढली. ब्रह्मगिरी, जिथे आम्ही श्रावणात जातो. खाली गंगापूर धरण. मग सोमेश्वर. मग रामकुंड, पटांगण, दुतोंड्या. मग मामाच्या तालुक्यातून नांदूरमधमेश्वर. सगळी टिंबं त्या निळ्या रेषेवर, नाहीतर तिच्या अगदी शेजारी. ती ओरडलीच, "आई, हे बघ!" इगतपुरीकडे जातो ती दारणा, तीही पुढे हिलाच मिळते. अगदी भंडारदऱ्याची प्रवरासुद्धा, लांब नेवाशाजवळ. नऊ-दहा वर्षं आम्ही ठरवून असं काहीच केलं नव्हतं. धरणावर आमच्या दगडाला बुडवणारं पाणी पुढे मारुतीच्या गुडघ्याला लागतं आणि तेच पुढे वारकऱ्यांच्या खाली जाऊन साचतं, हे मला चाळिशीत एका शाळेच्या नकाशावरून कळलं. आईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग? मी गंगा गंगा म्हणते ते काय उगीच?"

धाकट्याने नकाशा बघितला, काही बोलला नाही. पण एक सांगायचं राहिलं. त्या पहिल्या रविवारी, परत तिथेच म्हणत रुसून बसलेला तो, धरणावर पोचल्यावर सगळ्यात आधी धावत गेला तो आमच्या दगडाकडे, आणि दगड नव्हता. पाण्याखाली गेला होता. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने एक काठी शोधून पाण्याच्या अगदी काठाला चिखलात रोवली, पुढच्या वेळी पाणी किती वाढलं ते बघायला.

या रविवारी सहा वाजता तोच उठून बसला होता. रात्रभर पाऊस होता, धरणावर धुकं होतं, आईंची खुर्ची आम्ही बऱ्याच मागे झाडाखाली लावली. काठी कुठेच दिसेना. काठाने इकडून तिकडे दोनदा फिरला आणि आजीजवळ येऊन म्हणाला, "वाहून गेली."

"वाहून नाही गेली रे," आई म्हणाल्या, "आत आहे. दगडाच्या जवळच असेल. उन्हाळ्यात दिसेल."

मग त्याने दुसरी काठी शोधली, यावेळी जरा जाड.