मचाण बांधताना: लाकूड, दोर आणि झाडाचं हलणं

मचाण मोडून पडलं असं आपण म्हणतो. पण खाली पडलेला सांगाडा उलटून पाहिला, तर मोडलेलं लाकूड क्वचितच सापडतं. तुळया शाबूत, आडव्या बल्ल्या शाबूत. सुटलेली असते ती बांधणी. म्हणून या लेखात लाकडापेक्षा दोराबद्दल जास्त आहे.

आधी मचाण कशासाठी, ते. शिकारीसाठी मचाणावर बसायचे दिवस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवले. कलम ९ खाली शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराचाही बंदोबस्त करायचा तर कलम ११ खाली लेखी परवानगी हवी. आज मचाण लागतं ते दोन कामांना: जंगलाकाठच्या शेतात रात्रीची राखण, आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर बसून जनावरं पाहणं-मोजणं. दुसऱ्या कामाची मचाणं वनविभाग बांधतो. जंगलात आपल्या मनाने झाडावर काही चढवायचं नाही, म्हणून खालचं सगळं स्वतःच्या शेतातल्या, बांधावरच्या झाडासाठी आहे. कुंपणात वीज सोडण्यापेक्षा चार रात्री मचाणावर जागलेलं बरं. त्या तारेला डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

झाड निवडताना बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर निदान साडेतीन फूट हवा. ऐन, अर्जुन, चिंच, कडुनिंब, जुना आंबा चालतो. सालई आणि पांगारा ठिसूळ, त्यांच्या वाटेला जाऊ नये. जांभळाची फांदी दिसते दांडगी आणि तुटते न सांगता. मोहाचं झाड ताकदीने उत्तम, पण फुलं गळायच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, त्याखाली अस्वल येतं आणि अस्वलाला झाडावर चढता येतं. उंबर-वडाला फळं धरली की रात्रभर वटवाघळांचा कालवा. बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ मारून पाहायची: भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ घुमला तर आत ढोली आहे. आणि मान वर करून शेंडा दिवसा नीट पाहायचा. आग्यामोहोळ असेल तर ते झाड सोडून द्यायचं. त्यावर दुसरा उपाय नाही.

उंची १२ फूट पुरे. डुकरांच्या राखणीला १० सुद्धा चालतात. जास्त उंचीने बिबट्यापासून बचाव होतो हा गैरसमज आहे. तो १२ फूट चढतो तसा ३० फूटही चढतो. वाढते ती फक्त आपली पडायची उंची.

आता रचना. पुस्तकी चित्रांत मचाण चार फांद्यांच्या बेचक्यांत अलगद बसलेलं असतं. अशी चार बेचकी एकाच पातळीत देणारं झाड शोधण्यात हंगाम जाईल. शेतासाठी सर्वांत भरवशाची मांडणी म्हणजे एक बाजू झाडावर आणि दुसरी बाजू जमिनीत पुरलेल्या दोन मेढींवर. माप ४ फूट बाय ६ फूट, दोन माणसांसाठी. मेढी १५ फुटी, ५ इंच जाडीच्या, वर नैसर्गिक बेचकं असलेल्या. त्यांचा ३ फूट भाग जमिनीत जातो. तो आधी जाळावर फिरवून वरून काळा करायचा आणि मग त्यावर डांबर फासायचं, नाहीतर वाळवी दोन पावसाळ्यांत आतून पोखरते आणि बाहेरून काही दिसत नाही. खड्ड्याच्या तळाशी दगड, मेढीभोवती दगड-मुरूम ठोकून. नुसती माती लोटली तर पहिल्या पावसात मेढ डोलायला लागते. दोन मेढींमध्ये बल्ल्यांची फुलीसारखी कैची मारायचीच. १२ फूट उंचीची एकटी मेढ कितीही खोल पुरली तरी बाजूला कलते.

झाडाच्या बाजूला ५ फुटी, ४ इंच जाड बल्ली जिवंत फांदीच्या बेचक्यात बुंध्याला टेकवून आडवी बांधायची. ही धारणबल्ली. तिच्यापासून मेढींपर्यंत ८ फुटी दोन तुळया, एकमेकींपासून साडेतीन फुटांवर. तुळयांवर साडेचार फुटी चार आडव्या बल्ल्या, दर २ फुटांवर एक. त्यांच्यावर ६ फुटी, २ इंच जाडीचे बांबू, अर्धा इंच फट ठेवून. असे १९ तुकडे बसतात. २० फुटी बांबूचे तीन तुकडे निघतात, म्हणजे मचाणाच्या जमिनीसाठी (बसायच्या तळासाठी) सात बांबू. कठड्याला आणि शिडीला आणखी सात-आठ धरा.

बांबू तीन वर्षांपेक्षा जुना हवा. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी आणि पेऱ्यांवर आवरणं असतात. जुन्यावर डाग पडलेले असतात आणि बोटाने टिचकी मारली की कणखर आवाज येतो. तोडायचा पावसाळ्यानंतर, थंडीत, आणि तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे आतलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगा लागत नाही. अमावास्येच्या पंधरवड्यात तोडावा असंही जुनी माणसं सांगतात. त्यावर वाद घालण्यापेक्षा पाण्यात बुडवायला विसरू नये. मग सावलीत उभा करून वाळवायचा.

वाळवण्यात केलेली घाई सगळ्यात महागात पडते. हिरवा बांबू, हिरवी बल्ली वाळताना जाडीला आक्रसते. दोर मात्र होता तेवढाच राहतो. बांधताना ढोपर टेकवून ताणलेली गाठ महिन्याभरात बोट जाईल इतकी सैल होते. वर बसलेल्या माणसाला हे कळत नाही, कारण मचाण आधी नुसतं कुरकुरतं. कुरकुर वाढली की गाठ बघायची, हा नियमच करून टाका. ओलं लाकूड वापरावंच लागलं, तर पंधरा दिवसांनी प्रत्येक वेढ्याखाली लाकडी पाचर ठोकून दोर पुन्हा ताणायचा.

दोराचंही तसंच. ताग किंवा काथ्याचा दोर ओला झाला की आखडतो आणि वाळला की सैलावतो. म्हणून तो कोरडाच बांधायचा, भिजवून नाही. भिजवून बांधला की बांधताना छान बसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात सुटतो. प्लास्टिकचा स्वस्त रंगीत दोर उन्हाने वर्षभरात भुसभुशीत होतो. नख ओढलं की धागे पावडरीसारखे निघतात. नायलॉन मजबूत, पण ताणला जातो आणि गाठ घसरते, म्हणून शेवटी दोन जास्तीच्या गाठी आणि वीतभर शेपूट सोडायचं. सळया बांधायची बारीक तार वजनाच्या सांध्याला अजिबात नको. ती सालीत रुतते आणि दोन-तीनदा पीळ दिला की तुटते.

मुख्य सांध्याला १२ मिलिमीटरचा दोर. आधी एका लाकडाला खुंटगाठ (क्लोव्ह हिच), मग दोन्ही लाकडांना चौकोनी चार वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून. त्यानंतर दोन लाकडांच्या मधल्या फटीतून तीन वेढे आवळून, शेवटी पुन्हा खुंटगाठ. खरी पकड या मधल्या तीन वेढ्यांत असते आणि नेमके तेच कंटाळा करून गाळले जातात. एका सांध्याला १३-१४ फूट दोर जातो. तुळया आणि आडव्यांचे आठ सांधे, म्हणजे सव्वाशे फूट धरा. धारणबल्लीला आणि मेढींना आणखी शंभर. जमिनीचे बांबू जाड सुतळीने बांधायचे, एकोणीस बांबू चार आडव्यांवर म्हणजे ७६ ठिकाणी. एखाद्या जागी आळस केला तर तोच बांबू रात्री फिरतो आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो.

आता झाडाचं हलणं. जाड बुंधासुद्धा १२ फुटांवर वाऱ्यात बोटभर हलतो. मेढी हलत नाहीत. तुळई दोन्ही टोकांना करकचून बांधली, तर झाड दर झोताला मेढी उपटायचा प्रयत्न करतं आणि सांधे झिजतात. म्हणून तुळई झाडाकडच्या धारणबल्लीला घट्ट बांधायची, मेढीकडे मात्र बेचक्यात नुसती टेकवून सैल फास द्यायचा, आणि फूटभर टोक पलीकडे बाहेर ठेवायचं. तेवढं टोक असलं की ती मागेपुढे सरकते, पण निसटत नाही. दोन झाडांमध्ये मचाण बांधतानाही हेच: एका झाडाला घट्ट, दुसऱ्यावर सैल.

लाकूड जिथे सालीला टेकतं तिथे गोणपाटाची चौपदरी घडी घालावी. लाकडाला लाकूड घासतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे. साल वाचते आणि कुरकुरही बंद होते. झाडात खिळे ठोकू नयेत. खिळ्यावरचं वजन कातरीसारखं येतं, आणि बांबूत खिळा मारला की तो उभा चिरतोच. गिरमिटाने आधी भोक पाडलं तर चिरत नाही, पण दोर असताना खिळ्याचं काम काय?

माणसं पडतात ती बहुतेक चढता-उतरताना. शिडी मचाणाच्या वर ३ फूट गेली पाहिजे, म्हणजे पाय टाकताना हाताला धरायला काही राहतं. १२ फुटांना पायथा ३ फूट बाहेर, वरचं टोक बांधलेलं. पायऱ्या फुटाफुटावर, शक्यतो पेऱ्याच्या गाठीच्या लगेच वर बांधायच्या, म्हणजे खाली घसरत नाहीत. हातात विळा, काठी, डबा घेऊन चढायचं नाही. सामान नंतर दोराने ओढून घ्यायचं. कठडा ३ फूट उंच, दोन आडव्यांचा. बांधकामावर वापरतात तो अंगभर पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट आणून बुंध्याला इतका आखूड बांधायचा, की झोपेत घसरलं तरी माणूस कडेच्या खाली जाणार नाही. नुसता कमरेला दोर नको. त्यावर लोंबकळलं तर श्वास कोंडतो.

दिवसा ज्वारीवरची पाखरं हाकायला माळा करायचा असेल, तर कठड्याचा हिशेब बदलतो. गोफण फिरवायला हात मोकळा लागतो, म्हणून उजव्या अंगाचा कठडा मांडीइतकाच ठेवतात आणि वर छप्पर घालत नाहीत. तिथे उंची ८ फुटांवर आणावी.

चाचणी दोनदा. आधी सगळा सांगाडा खाली, चार दगडांवर मांडून चौघांनी त्यावर उभं राहून हिसके द्यायचे. वर बांधल्यावर २५ किलोच्या वाळूच्या १२ गोण्या एकेक करून चढवायच्या आणि रात्रभर तशाच ठेवायच्या. दोन माणसं आणि सामान मिळून पावणेदोनशे किलोच्या वर जात नाही, पण माणूस गोणीसारखा स्थिर बसत नाही. सकाळी कुठली गाठ घसरली ते पाहायला सोपं जावं म्हणून गाठीलगत लाकडावर खडूची रेघ मारून ठेवावी.

मचाणाच्या जमिनीवर भाताचं तणस, त्यावर गोणपाट. पाठीमागे पानाची फांदी राहू द्यायची, नाहीतर चांदण्यात माणसाची आकृती आभाळावर उमटते. वारा जनावरांच्या वाटेकडून आपल्याकडे यायला हवा.

पावसाळ्याआधी सगळं उतरवायचं. वर्षभर आवळलेला दोर वाढत्या झाडाच्या सालीत रुततो आणि सालीखालून मुळांकडे जाणारं अन्न अडतं. पुढच्या वर्षी बांधण्याआधी काठीने बांबूंची पोकळ तोंडं खालून ठोकायची, आत गांधीलमाशी घर करते. तुळयांना खाच पडली असेल किंवा मेढीच्या जमिनीलगतच्या भागात नख रुतत असेल, तर ते लाकूड सरपणात टाकायचं.